पूल बुडायच्या आत

परभणी जिल्ह्यात पावसाळ्याची तयारी म्हणजे बियाणे, खत आणि गळक्या पत्र्याची डागडुजी. घर सोडायची वेळ आली तर कोणी, कधी, कुठल्या वाटेने आणि कोणाकडे जायचे, हे घरात बसून ठरवून ठेवणारे कुटुंब विरळाच. ते ठरवावे, आणि त्यातही सर्वांत आधी ‘कधी’ ठरवावे, असे माझे म्हणणे आहे. ते दुसऱ्या बाजूने तपासून घेता यावे म्हणून हा लेख संवादाच्या रूपात लिहिला आहे. यातले आबा कोणी एक माणूस नव्हेत. पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा या गोदाकाठच्या तालुक्यांतला पोक्त शेतकरी जे आक्षेप घेऊ शकेल, ते त्यांच्या तोंडी घातले आहेत. त्यांतले बरेचसे वजनदार आहेत, म्हणून त्यांना घाईने बाजूला सारलेले नाही.

आबांचा पहिला मुद्दा सरळ आहे. ‘‘सर, आमची गंगा आमाला नवी हाय का? आज्यानं पूर बघितला, बापानं बघितला, मी बघितला. पाणी कुठवर येतंय हे गावातल्या लेकरालाबी माहीत हाय. 2006 ला जिथवर आलं त्याच्या वर ते काय येत नसतंय. आन्‌ आलंच तर तहसीलवाले सांगतेल, तलाठी सांगल, भोंग्यावर पुकारतेल. तवा निघू की. आतापासून कागद कामून लिवायचा?’’

आबा, गंगथडीच्या, म्हणजे गोदाकाठच्या, आठवणीला मी कमी लेखत नाही. पण तुमच्या आज्याने पाहिलेली नदी आणि आजची नदी यांत फार अंतर पडले आहे. जायकवाडीची पायाभरणी 1965 ला झाली, धरणाचे लोकार्पण 1976 ला. त्याआधीचा पूर पावसाबरोबर चढे आणि पावसाबरोबर उतरे. आभाळ बघून अंदाज बांधता येई. आता वर पैठणला जायकवाडी आहे, सिंदफणेवर माजलगाव आहे, पूर्णेवर येलदरी आणि सिद्धेश्वर, दुधनेवर निम्न दुधना, आणि खुद्द गोदावरीवर ढालेगाव, तारुगव्हाण, मुदगल, मुळी, डिग्रस असे बंधारे एकामागून एक. धरण लहानसहान पूर पोटात घेते, त्यामुळे सलग कित्येक वर्षे नदी शांत राहते आणि माणसे काठाकडे सरकतात. सप्टेंबरात धरण भरलेले असताना नाशिक-अहिल्यानगरकडे मोठा पाऊस झाला की दरवाजे उघडावेच लागतात. तेव्हा तुमच्या गावावर ऊन पडलेले असू शकते. ऑगस्ट 2006 मध्ये जायकवाडीतून अडीच लाख क्युसेकच्या घरात पाणी सोडले होते. सप्टेंबर 2025 च्या अखेरीस हा विसर्ग तीन लाख क्युसेकच्या आसपास गेला. म्हणजे सेकंदाला सुमारे 85 लाख लिटर पाणी, आणि मंजरथजवळ मिळणाऱ्या सिंदफणेचे पाणी त्यात वेगळे. गावाने मारुतीच्या पारावर धरलेली 2006 ची खूण ही पाण्याची शेवटची मर्यादा नाही, एवढे तरी यातून मान्य करावे लागेल.

पाटबंधारे खात्याच्या नकाशांवर निळी आणि लाल अशा दोन पूररेषा असतात. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. ‘शंभर वर्षांतून एकदा’ ऐकले की माणूस निश्चिंत होतो, आणि तिथेच घात आहे. त्याचा अर्थ दरवर्षी शंभरात एक शक्यता एवढाच. लाल रेषेच्या आत बांधलेल्या घरात एखादे कुटुंब 30 वर्षे राहिले, तर त्या काळात असा पूर एकदा तरी बघण्याची शक्यता जवळजवळ चारात एक निघते. चारात एक शक्यतेवर आबा पेरणीसुद्धा करणार नाहीत.

राहिला प्रशासनाचा प्रश्न. इशारा मिळतो, हे खरे आहे आणि त्याचे श्रेय द्यायला हवे. धरणातून पाणी सोडण्याआधी खालच्या जिल्ह्यांना कळवले जाते, तहसीलमार्फत गावापर्यंत निरोप येतो, हल्ली मोबाइलवर थेट इशारा वाजतो, जिल्हा नियंत्रण कक्षाचा 1077 आणि पोलिसांचा 112 हे क्रमांक आहेत. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हा प्राधिकरणाला लोकांना हलवण्याचे अधिकारही दिले आहेत. पण इशारा येतो तो ‘नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे’ अशा एका वाक्यात. अंथरुणाला खिळलेली आजी, नववा महिना भरलेली सून आणि ओढ्यापलीकडच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, झोपलेला सालगडी असलेल्या घराने रात्री नऊ वाजता ‘सतर्क’ म्हणजे नेमके काय करायचे? ते तलाठ्याला ठाऊक असणार नाही. त्याच्या सज्जात अनेक गावे असतात. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची राज्यातली बटालियन पुण्याजवळ सुदुंबऱ्याला आहे, राज्याच्या दलाच्या तुकड्या धुळे आणि नागपूरला. पावसाळ्यात पथके जवळ आणून ठेवली तरी एकाच रात्री पाच तालुक्यांत हाक आली की ती सगळीकडे पोचू शकत नाहीत. पहिले काही तास घरच्यांचेच असतात.

आता मूळ मुद्द्यावर येतो. या जिल्ह्यात घरात पाणी शिरण्याच्या पुष्कळ आधी रस्ता जातो. आपल्या पूर्वजांनी काळी पेरायला ठेवली आणि पांढरीवर, म्हणजे उंचवट्यावर, गावठाण वसवले. त्यामुळे जुन्या गावठाणात पाणी क्वचित येते. पण गावातून तालुक्याला जाणारा रस्ता ओढ्यावरच्या नळकांडी पुलावरून जातो. गोदावरी दुथडी भरली की ओढ्याचे पाणी नदीत उतरायला जागा राहत नाही. फुगवटा मागे सरकतो आणि गावात थेंबभर पाऊस नसतानाही पूल पाण्याखाली जातो. पालम तालुक्यात लेंडी नदीला पूर आला की पलीकडच्या गावांचा संपर्क तुटल्याची बातमी जवळजवळ दर पावसाळ्यात छापून येते. अशा वेळी गाव बुडालेले नसते, गाव अडकलेले असते. आणि अडकलेल्या गावात प्रसूतीच्या कळा, छातीतली कळ, सर्पदंश किंवा चुकलेले डायलिसिस माणसाला मारायला पुरेसे असते. म्हणून परभणीतल्या घराच्या आराखड्याचा पहिला प्रश्न ‘पाणी घरात आले तर?’ हा असूच नये. ‘पूल बुडायच्या आत पलीकडे कोण असायला हवे?’ हा असावा. गरोदर बाई, डायलिसिसवरचा किंवा नुकती शस्त्रक्रिया झालेला माणूस, तान्हे बाळ आणि चालता न येणारे म्हातारे यांची नावे कागदावर लिहावीत आणि शेजारी खूण लिहावी: पाणी पुलाच्या नळ्यांच्या वरच्या काठाला टेकले की ही माणसे निघणार. त्याच खुणेवर पुलाला रंगाचा पट्टा मारून घेतला तर वादच उरत नाही.

आबांना यावर थांबवता येत नाही. ‘‘आन्‌ समजा निघालो, रिक्षाचं भाडं दिलं, आजीला उचलून नेलं, आन्‌ पाणी आलंच नाही? एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्या वक्ताला घरातलं कोणी उठत नसतंय. मंग तुमचा कागद भिंतीवरच राहतो.’’

हा आक्षेप मला सगळ्यांत प्रामाणिक वाटतो. फुकटचे निघणे महागात पडते, आणि रोजंदारीवरच्या घराला तर फारच. पण उशिरा निघण्याची किंमत त्याहून किती मोठी असते ते बघा. 8 ऑगस्ट 2019 ला सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात, ब्रह्मनाळ येथे, कृष्णेच्या पुरात वेढलेल्या गावातून माणसे बाहेर काढताना गच्च भरलेली बोट उलटली आणि 17 जणांचा जीव गेला. रस्ता कोरडा असताना ज्या अंतराला चालत जाता येते, तेच अंतर रस्ता बुडाल्यावर जिवावरचे होते. लवकर निघण्याचा फायदा बघायचा तर ओडिशाकडे बघावे. 1999 च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसे मेली. 2013 ला फायलिन वादळ आले तेव्हा दहा लाखांच्या आसपास लोकांना किनाऱ्यावरून आधीच हलवले होते, आणि मृतांचा आकडा पन्नासच्या आत राहिला. हलवलेल्यांपैकी अनेकांची घरे नंतर जशीच्या तशी उभी सापडली असतील. तरी त्यांचे निघणे वाया गेले, असे कोण म्हणेल?

तरीही आबांच्या शंकेला खरे उत्तर आकड्यांत नाही, निघण्याचा खर्च कमी करण्यात आहे. सगळ्या घराने एकदम बिऱ्हाड उचलायची गरज नसते. पहिल्या खुणेवर फक्त यादीतली चार-दोन माणसे सोयऱ्याकडे जातील, बाकीचे घरातच. दुसऱ्या खुणेवर, म्हणजे विसर्ग आणखी वाढल्याचा निरोप आल्यावर, लेकरे आणि बाया जातील, ढोरे माळावर जातील. तिसरी खूण अंगणापाशी पाणी दिसण्याची. तेव्हा घरात फक्त पायी पळू शकणारे एक-दोघे उरलेले असावेत. अशा टप्प्यांत पहिले निघणे म्हणजे आजीची लेकीकडे दोन दिवसांची पाहुणचाराची फेरी होते. पाणी आले नाही तर कोणाचे नुकसान झालेले नसते.

‘‘ढोरांचं तुम्ही एका वाक्यात उरकलंत,’’ आबा म्हणतात. ‘‘माणूस शाळेत जाऊन झोपंल. माझी बैलं, माझी म्हैस, तिचं वगारू, ते कुठं झोपंल? दावणीला बांधलेलं जित्राब पाण्यात सोडून जो जातो त्यानं पुन्हा गावात तोंड कसं दाखवायचं? जवर गोठा उभा हाय तवर मी हालणार नाही.’’

इथे मी आबांच्या बाजूचा आहे. शहरी पुस्तिकांतले आराखडे ‘जनावरांची काळजी घ्या’ असे लिहून पुढे जातात, आणि त्यामुळेच खेड्यात ते कोणी वाचत नाही. गोठ्यापाशी थांबलेला कर्ता पुरुष हेच या भागात घर उशिरा हलण्याचे मोठे कारण असू शकते, आणि तो अडाणीपणाने थांबत नाही. शासनाच्या मदतीच्या निकषांत मेलेल्या दुभत्या जनावराला 37,500 रुपये आणि ओढकाम करणाऱ्या बैलाला 32,000 रुपये आहेत. चांगली बैलजोडी बाजारात लाखाच्या पुढे जाते. मदत मिळायलाही पंचनामा लागतो, पशुवैद्यकाचा शवविच्छेदन अहवाल लागतो, आणि वाहून गेलेले जनावर सापडलेच नाही तर ते सिद्ध करणे अवघड. त्यामुळे ढोरे ज्यात नाहीत तो आराखडा नव्हेच. पण यातून निघणारा निष्कर्ष आबांच्या उलट आहे: ज्यांना हलायला सर्वांत जास्त वेळ लागतो ते आधी हलले पाहिजेत. ढोरे रात्री, पाण्यातून, विजेच्या कडकडाटात हाकता येत नाहीत. दिवसा, कोरड्या पाणंदीने येतात. म्हणून मघाशी सांगितलेल्या दुसऱ्या खुणेची वाट न बघता, विसर्ग वाढवल्याचा पहिला निरोप दिवसा आला तर त्याच दिवशी गुरे वरच्या माळावर. तिथे दोन दिवसांचा कडबा पावसाळ्याआधीच ताडपत्रीखाली रचून ठेवलेला असावा, नाहीतर ती संध्याकाळी परत गोठ्याकडेच येतील. दाव्याची गाठ एका ओढीत सुटणारी असावी. साखळी आणि कुलूप पावसाळ्याचे चार महिने गोठ्यातून बाहेर. कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक आणि जनावराचा फोटो फोनमध्ये आणि गावाबाहेरच्या एका नातेवाइकाकडे ठेवला की पंचनाम्यात वाद राहत नाही. आणि अगदी शेवटचा नियम: माणूस निघताना दावे सोडून निघेल. मोकळे जनावर बरेचदा स्वतः उंचावर चढते. बांधलेले कधीच नाही.

गोठ्याबरोबर आखाड्याचे बोलायला हवे. सुपीक जमीन नदीलगत, म्हणून आखाडेही तिथेच. तिथे बहुतेकदा मालक राहत नाही, सालगड्याचे कुटुंब राहते. पूर आला की आखाड्यावर अडकलेल्यांना बोटीने काढल्याच्या बातम्या येतात, त्यात हीच माणसे असतात. मालकाच्या घराच्या आराखड्यात त्यांची नावे पहिल्या ओळीत असली पाहिजेत, आणि निरोप आल्यापासून पाणी उतरेपर्यंत आखाड्यावर कोणी रात्री मुक्काम करणार नाही हे सांगण्याची जबाबदारी मालकाची आहे. सालगड्याने ते स्वतःहून ठरवावे अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे, कारण राखण सोडून आल्याचा दोष त्याच्यावरच येतो. दुसरे म्हणजे नदीवरच्या मोटारी. पाणी चढताना दिसले की शेतकरी मोटार काढायला काठावर धावतो आणि तिथेच अडकतो किंवा घसरतो. मोटार काढायची तर पहिल्या निरोपाला, दोघांनी मिळून, उजेडात. त्यानंतर ती नदीची. मोटार पुन्हा घेता येते. माणूस गेल्यावर मिळणारे चार लाख रुपये कोणाची जागा भरत नाहीत.

आबा आता दुसऱ्या बाजूने येतात. ‘‘बरं, मी मानलं. पण शाळेत घरातल्या बाया जायला तयार नसतेत. संडास नाही, आडोसा नाही, सगळं गाव एका वऱ्हांड्यात. आन्‌ घर उघडं टाकून गेलं तर चोऱ्या होतेत.’’

बाया नाही म्हणतात ते योग्यच म्हणतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत शंभर माणसांमागे दोन स्वच्छतागृहे आणि आत कडी नाही, अशी स्थिती असेल तर तरुण मुलीची आई बुडत्या घरात थांबणे पसंत करील, आणि तिला दोष देता येणार नाही. म्हणूनच शाळा हा पर्याय क्रमांक दोन असावा. पहिला पर्याय सोयऱ्यांचा. मराठवाड्यातल्या सोयरिकी बहुधा वीस-चाळीस किलोमीटरच्या परिघात असतात, आणि सगळे सोयरे नदीकाठी राहत नाहीत. कोणाचे तरी घर जिंतूर-सेलूकडच्या उंच भागात असतेच. ‘पाणी आले तर आम्ही तुमच्याकडे, लग्नकार्यात किंवा आजारपणात तुम्ही आमच्याकडे’ एवढे मोकळेपणाने आधी बोलून ठेवले की ऐनवेळी ओशाळे व्हावे लागत नाही. फक्त ते घर पुलाच्या कोणत्या बाजूला आहे ते बघावे.

चोरीची भीती खरी असली तरी ती आवाक्यातली आहे. पुराचा मोठा धोका ऑगस्ट-सप्टेंबरात. तेव्हा सोयाबीन शेतात उभे असते, कापूस वेचणीला आलेला नसतो, घरात असते ती वर्षाची ज्वारी आणि थोडे मूग-उडीद. सातबारा आता डिजिटल सहीचा ऑनलाइन मिळतो, आधारकार्ड पुन्हा काढता येते. सोने, रोकड, पासबुक, रोजच्या गोळ्या, इन्सुलिन, चष्मा, चार्जर आणि बाळाचे सामान एका पिशवीत मावते, आणि ती पिशवी कोण उचलणार हे ठरलेले असले की घर फार उघडे राहत नाही.

यापेक्षा मोठी अडचण निर्णय घेणाऱ्या माणसाची आहे, आणि ती आबा बोलत नाहीत. गोदाकाठच्या कित्येक घरांतली तरणी माणसे पुण्यात कामाला असतात. पुराच्या दिवशी घरात आजी, सून आणि शाळेतली पोरे. सून खूण ओळखते, पुलाकडे बघते, आणि मग ‘त्यांना विचारते’. फोन लागत नाही, सासरे शेतात, आणि त्या दोन तासांत पूल जातो. आराखड्यात म्हणून स्पष्ट लिहावे की खूण दिसली की घरात हजर असलेली मोठी बाई निर्णय घेईल, कोणाला विचारणार नाही, आणि नंतर कोणी तिला बोल लावणार नाही. हे शेवटचे वाक्य आबांनी सगळ्यांसमोर स्वतः म्हणावे. त्यांच्या तोंडून ते आल्याशिवाय त्याला घरात वजन येणार नाही. पुण्यातल्या मुलाने दुसरे काम घ्यावे: सगळ्यांनी एकमेकांना फोन लावत बसण्याऐवजी प्रत्येकाने फक्त त्याला कळवायचे, कारण गावातला टॉवर बंद पडला तरी पलीकडे पोचलेला माणूस पुण्याला फोन करू शकतो.

‘‘आन्‌ भूकंपात?’’ आबा विचारतात. ‘‘तिथं कोणची खूण? किल्लारीला कोणी काय ठरवलं असतं?’’ 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, झोपलेल्या माणसांना ठरवायला क्षणही मिळाला नाही, हे खरेच. तिथे माणसे मारली ती दगडमातीच्या जाड भिंतींनी आणि माळवदाच्या ओझ्याने. तशी माळवदे परभणीतही आहेत. 21 मार्च आणि 10 जुलै 2024 ला हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेले 4.5 तीव्रतेचे धक्के परभणीत सकाळच्या वेळी जाणवले आणि माणसे रस्त्यावर आली. मार्चच्या धक्क्यानंतर शेजारच्या नांदेडच्या प्रशासनाने केलेले एक आवाहन फार मोलाचे होते: पत्रे उडू नयेत म्हणून छपरावर ठेवलेले दगड काढून टाका. भूकंपाचा आराखडा असा आधीच अमलात आणायचा असतो. दगडांऐवजी पत्रे नटबोल्टने आवळावेत, बाज भिंतीपासून सरकवावी, दाराकडची वाट पोत्यांनी अडवू नये, दाराला आतून कुलूप नको, आणि बाहेर आल्यावर सगळ्यांनी कुठे जमायचे ती मोकळी जागा पोरांना माहीत असावी. एवढ्याने किल्लारी टळली असती असे मी म्हणत नाही. पण पुरात तास मिळतात आणि भूकंपात सेकंद. म्हणून एकाची तयारी कागदावर आणि दुसऱ्याची घराच्या रचनेत करावी लागते.

आबांचा शेवटचा आक्षेप मात्र मला खोडता येत नाही. ‘‘माळावर न्या म्हणतासा ढोरं. कोणता माळ, सर? गायरानावर अर्ध्या गावाची अतिक्रमणं हायेत. आन्‌ पुलाला पट्टा मारायचा तर पूल बांधकाम खात्याचा.’’ खरे आहे. घराचा आराखडा घराच्या उंबऱ्यापर्यंतच चालतो. पुढे गावाची जागा लागते, गावाचा रंग लागतो, शाळेच्या स्वच्छतागृहाला कडी लागते. ग्रामसभा 1 मेला होते, पाऊस त्यानंतर महिनाभराने. त्या सभेच्या विषयपत्रिकेवर तीन गोष्टी लेखी मागता येतात: पुरात गुरे बांधायला मोजून दिलेली उंच जागा, पुलावर धोक्याच्या पातळीचा पट्टा मारण्यासाठी बांधकाम खात्याला ठराव, आणि चालता न येणाऱ्या माणसांची वाडी-आखाड्यांसह यादी, जी ग्रामपंचायतीत आणि तहसीलच्या नियंत्रण कक्षात दोन्हीकडे राहील. अर्ज आबांनी करावा, लिहून मी देतो. ठराव मंजूर होईपर्यंत पट्ट्याची वाट बघायची नाही. पुलाच्या कोणत्या नळ्यापर्यंत पाणी आले की आजी निघणार, हे घरात या आठवड्यातही ठरू शकते.